दसऱ्याच्या कुंकवाचा सूड

मी बोलतोय, शांती नगरातल्या एका छोट्या इंटरनेटवाल्याच्या राउटरमधलं कार्ड. राउटर म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना लाइन वाटून देणारी पेटी. ती चालू असतानाही मला बाहेर काढून पुन्हा बसवता येतं. माझ्या याच गुणाने घात केला.

मालक दिपेशला मिरवायची भारी हौस. नव्याण्णव सालच्या दसऱ्याला यंत्रांची पूजा होती. पाहुण्यांसमोर त्याने मला खसकन ओढलं. "बघा, मशीन बंद न करता निघतं!" मग ताटात ठेवून हळदकुंकू वाहिलं, तेही नेमकं माझ्या सोनेरी दातांवर, ज्यांनी मी पेटीला जोडला जातो. आणि तसाच परत कोंबला.

दुपारी लाइन गेली. गिऱ्हाइकं जिन्यात जमली. कामाला निशिगंधा होती, रत्नागिरीकडची. अंगातल्या स्थिर विजेचा मला झटका बसू नये म्हणून आधी पेटीच्या पत्र्याला हात टेकवूनच मला शिवायची. तिने खोडरबराने माझे दात घासले, लाइन परत आणली. आणि दिपेश सगळ्यांना सांगतो, "या पोरीनेच कार्ड चुकीचं बसवलं. काढली तिला!"

ती रडली नाही. डबा उचलून गेली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून मी डूख धरला. दिपेश खोलीत आला की माझा हिरवा दिवा बंद. तो खाली पानाच्या टपरीवर गेला की चालू. त्याने फुंकर मारली, नारळ फोडला, शिव्या घातल्या. मला जाम मजा आली.

शेवटी खालच्या सायबर कॅफेवाल्या हंसाबेन वर आल्या. "दिपेशभाई, तुम्ही नसता ना, तेव्हाच लाइन एकदम मस्त चालते. त्या निशिगंधाला बोलवा नी!"

निशिगंधा आली, पण दारातच थांबली. "आधी हंसाबेनना सांगा सर, दसऱ्याला कार्डाला कुंकू कोणी लावलं?"

दिपेश फरशीकडे बघत पुटपुटला, "मी."

"ऐकू नाही आलं."

"मीच लावलं! तिची काही चूक नव्हती!"

तिने त्याला माफ केलं. मी नाही केलं, करणारही नाही. आता ती आत खुर्चीवर बसते आणि मालक बाहेर जिन्यात, स्टुलावर. तुम्ही कधी आलात आणि त्याची दया आली, तर चहा पाजा, पण आत घेऊ नका. त्याने दारातून नुसतं डोकं घातलं तरी मी दिवा विझवतो. मग अख्ख्या बिल्डिंगमधून ओरड होते, "दिपेशभाई, बाहेर!"