दहा माणसं आणि एक कबर

रब्बी रूबेन वाकरूळकर म्हणजे कोल्हापुरातल्या सगळ्या देवांच्या घरचे पाहुणे. जोतिबाच्या यात्रेत पाणी वाटायला पुढं, पर्युषणात जैन बस्तीत, उरुसाला दर्ग्यात. शहरात ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी, पण त्यांच्या धर्मगुरूंना, रब्बीसाहेबांना, ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांच्या बायकोला, दीनाबाईला, या चांगुलपणाचा वीट आला होता.

कारण बाळासो. गडमुडशिंगीकडं त्याच्या रानाला लागून ज्यूंचं इवलंसं कब्रस्तान होतं. या बाबानं भरदिवसा जेसीबी घालून ते सपाट केलं आणि ऊस लावला. तिथं दीनाबाईची सहा वर्षांची लेक रिबका निजली होती. गावात भांडणं नकोत म्हणून रब्बी कोर्टात गेले नाहीत. कसला हा नवरा, बापाचं काळीज तरी होतं का त्याला? दीनाबाईनं त्याच दिवशी ठरवलं, हा बाळासो माफीवाचून मरायला पाहिजे.

वर्षं गेली. बाळासोचं बायपास झालं आणि त्यानं मरणाची धास्ती घेतली. एका सकाळी येऊन तो रब्बींच्या दारात बसला, ढसाढसा रडला. रब्बींनी त्याला उठवून पोटाशी धरलं. ते बघून दीनाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. आता हे माफ करून मोकळे होणार!

"माझ्यापुरतं मी माफ केलं," रब्बी म्हणाले. "पण पोरीच्या वतीनं माफ करायचा हक्क मला नाही. मेलेल्याची माफी त्याच्या कबरीपाशी उभं राहून, दहा माणसांदेखत मागावी लागते. आमच्यात तसंच आहे. माणसं कुठल्याही धर्माची आण, मला चालतील."

दीनाबाईनं मनातल्या मनात नवऱ्याचे पाय धरले. जी कबर यानं स्वतः पुसली, ती आता हा आणणार कुठून?

पण बाळासो हट्टाला पेटला. कारखान्याची तोड यायच्या आधीच त्यानं उभा ऊस आडवा केला. बस्तीतले बापूसो आले, दर्ग्याचे मुजावर आले, बघता बघता दहा माणसं जमली. पहारी घेऊन सगळे सरीसरीत टोकरायला लागले. रब्बीही त्यांच्यात. दीनाबाई रोज बांधावर बसून बघायची. बाळासो धापा टाकायचा, घामानं निथळायचा, आणि तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं.

एका दुपारी उठताना तिचा पाय घसरला. हाताखालची माती ढासळली आणि बोटांना दगड लागला. गवत बाजूला केलं तर कोरलेली अक्षरं. ती तिला डोळे मिटूनही वाचता आली असती. जमीन वाढवताना बाळासोनं नवा बांध नेमका रिबकावरच घातला होता.

दीनाबाईला भडभडून आलं. दगडावरून तिनं हात फिरवला, पोरीच्या केसांवरून फिरवायची तसा. नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि खाली तिची नजर गेली. बाळासो गुडघ्यांवर बसून माती चाचपत होता. एक हाक, की तो इथं येणार, दोन वाक्यं बोलणार आणि घरी जाऊन निवांत झोपणार.

तिनं माती परत ओढली, पदर सावरला आणि त्याच जागेवर बसली.

"काय सापडलं का, वहिनी?" बाळासोनं खालून विचारलं.

"न्हाय," दीनाबाई म्हणाली. "पुढं बघा."