पिक्चरच्या खाली

तळहातावर तो पेन ड्राइव्ह… काळा, बोटाच्या पेराएवढा, वजन म्हणून काही नाहीच… आणि यात म्हणे तीन तासांची अख्खी कॅसेट मावली. जोसेफिन तो उलटापालटा करून बघत राहिली. कॅसेट कशी हातात भरायची, आतली पट्टी खिडकीतून दिसायची, किती सरली नि किती उरली ते कळायचं तरी.

"ठाण्याला स्टेशनजवळच्या दुकानातून करून घेतलं, मम्मी," ठाकुर्लीहून आलेली तिची लेक क्रिस्टल टीव्हीमागे वाकून म्हणाली. "तुझा फेवरेट पिक्चर. म्हटलं, जायच्या आधी एकदा बसून बघू."

जायच्या आधी… शुक्रवारी क्रिस्टल नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला चालली होती, आणि तिचा सहा वर्षांचा मार्विन इथे बाळकुमला आजीकडे राहणार होता—एकच वर्ष, फार तर दोन. पोराला टाकून जाऊ नकोस, एवढंच जोसेफिनला सांगायचं होतं; पण महिनाभर वाक्य जिभेवर होतं आणि जीभ उचलत नव्हती. कोणत्या तोंडाने सांगणार? ती स्वतः मस्कतला गेली तेव्हा क्रिस्टल चार वर्षांची होती, आणि कायमची परतली तेव्हा तेरा. म्हणून पिक्चरचं ऐकून तिला हायसं वाटलं—आपल्याला जमत नाही ते निदान तो तरी सांगेल.

कुठल्याशा परक्या बंदरातल्या खानावळीत भांडी घासणारी एक बाई, आणि गावी आईजवळ ठेवलेला तिचा मुलगा. भाषा कळायची नाही, खाली इंग्रजी अक्षरं धावायची. पण मस्कतच्या हॉस्टेलात दर शुक्रवारी आठ-दहा नर्सेस खाटांवर दाटीवाटीने बसून हाच पिक्चर बघायच्या. शेवटी ती बाई बोटीतून उतरते, मुलगा तिची बॅग उचलतो आणि विचारतो, आता किती दिवस राहणार?—तिथे सगळ्यांना एकदम हुंदका फुटायचा. किती बरं वाटायचं रडून! नाक पुसलं की ड्युटीवर जायला मोकळ्या.

क्रिस्टलच्या चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियनची कॅसेट नवऱ्याने, जेरोमने, हौसेने मस्कतला पाठवली आणि जोसेफिनच्या हातून तिच्यावर चुकून हा पिक्चर रेकॉर्ड झाला, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जेरोम तर मरेपर्यंत चिडवायचा, "हिने लेक पुसून पिक्चर भरला." चुकून! त्या दिवशी कोरी कॅसेट कपाटात होती… मी पाहिली होती ती. तिला हात न लावता मी हीच आत सरकवली, बटण दाबलं, आणि कुणा परक्या बाईच्या पोरासाठी ढसाढसा रडले—माझी पोर खाली मिनिटामिनिटाने पुसली जात असताना.

टीव्हीवर मुलाने बॅग उचलली. जोसेफिनने चोरून लेकीकडे पाहिलं. क्रिस्टलचे डोळे भरले होते. आता कळेल हिला… आता.

"किती छान ना, मम्मी," डोळे पुसत क्रिस्टल म्हणाली. "शेवटी येतेच ना ती परत. मला जरा धीर आला बघ."

जोसेफिन गार पडली. म्हणजे इतकी वर्षं आपल्याला जे सांगत आला तेच हा पिक्चर हिलाही सांगत होता—जा, रडून घे, सगळं माफ.

हॉस्टेलात ती नेमकी इथेच कॅसेट थांबवायची. आज रिमोट क्रिस्टलच्या हातात होता. पडद्यावर मुंग्या आल्या आणि मग एकदम अंगण, केक, बँडवाले, पांढऱ्या फ्रॉकमधली आठ वर्षांची क्रिस्टल. जेरोमचा आवाज आला, "मम्मीला सांग कायतरी."

"मम्मी, तू पाठवलेला फ्रॉक आखूड झाला. आजीने खाली लेस लावली. आता बरा दिसतो."

तक्रार नव्हती त्या आवाजात, हेच तेव्हा सोसवलं नव्हतं. मस्कतच्या दुकानात जोसेफिनने हवेत हात धरून दुकानदाराला दाखवलं होतं, एवढी आहे माझी मुलगी—आणि दाखवली होती दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत पाहिलेली उंची.

"अगं, हे उरलेलं होतं?" क्रिस्टल हसली, आणि तिने मागे नेऊन तेवढंच पुन्हा बघितलं. "मार्विनची उंची लिहून नेते मी," ती हळूच म्हणाली. "तिकडून कपडे पाठवायचे तर…"

तिने मार्विनला हाक मारून दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. जोसेफिनने पेन्सिल आणून दिली. तो टाचा उचलत होता. जोसेफिनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस घामाने ओले होते.

"ती कॅसेट… चुकून नव्हती गं."

"काय म्हणालीस?" पेन्सिल चौकटीला तशीच धरून क्रिस्टलने वळून पाहिलं.

एवढी वर्षं हाताशी असलेलं रडू जोसेफिनने आत चाचपून पाहिलं, पण ते येईना. पुढचं वाक्य तिचं तिलाच बोलायचं होतं.