काळ्या काचेतले क्लिफर्ड

मित्रांनो, घाबरू नका. कोपऱ्यात ही जी काळी काच दिसते ना, तो मीच. मी एक जुना टीव्ही आहे, फुगीर काचेचा आणि पाठीला कुबड असलेला. इंग्लंडमधल्या बर्नली गावातल्या एका चिंचोळ्या दगडी घरात माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म वेल्समधल्या कारखान्यातला. क्लिफर्ड हॅलिवेल यांनी मला हौसेनं घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मेव्हिसबाईंनी, कपाळाला हात लावला.

"अरे क्लिफ, हा टीव्ही आहे की कपाट? आता आपण बसायचं कुठं, अंगणात?"

"तू बस की त्याच्या डोक्यावर!" क्लिफर्ड म्हणाले.

काय दिवस होते ते! क्लिफर्डना स्नूकरचं वेड. "बघ, आता काळा चेंडू जाणार," असं ते ओरडायचे. "जाऊ दे की मग, तुझा चहा गार झाला," असं मेव्हिसबाई म्हणायच्या. माझ्या उजेडात दोघांचे चेहरे निळे दिसायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

आमच्याकडे टीव्ही बघायला परवाना लागतो आणि त्याची दरवर्षी फी भरावी लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तो पूर्वी फुकट मिळायचा. पुढे नियम बदलला. ज्यांची मिळकत थोडी आहे आणि जे सरकारकडून पेन्शनला जोड घेतात, त्याच म्हाताऱ्यांना तो फुकट राहिला. क्लिफर्डनी कुरकुर केली, पण फी भरली. मग एका फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या नोकरीची पेन्शनही आटली.

परवान्याची मुदत संपली त्या दिवशी मेव्हिसबाईंनी माझी वायर भिंतीतून उपटली. गल्लीतून सरकारी गाडी फिरते आणि कुणाच्या घरी चोरून टीव्ही चालतो ते तिला बाहेरूनच कळतं, असं त्यांच्या पिढीत सगळेच मानतात. त्यांनी माझ्यावर टेबलक्लॉथ टाकला. मित्रांनो, मी आंधळा आणि मुका दोन्ही झालो.

शेजारच्या ग्लेनिसबाई रोज चहाला येत.

"अगं मेव्हिस, ती पेन्शनची जोड माग ना! हीटर पेटेल, टीव्ही लागेल. घरात कोट घालून बसतेस, बरं दिसतं का?"

"लोकांच्या पैशावर मी टीव्ही बघू? क्लिफ काय म्हणेल?"

"क्लिफ काय म्हणायचा तो म्हणून गेला, बाई!"

त्यावर मेव्हिसबाई कपबशा उचलायला लागायच्या. ग्लेनिसबाईंना वाटायचं, ही मानी आहे. मलाही तसंच वाटायचं. ही बाई कधी मदत मागेल, की या गार घरात अशीच विझत जाईल, याच काळजीनं मी पोखरून निघालो होतो.

एका संध्याकाळी त्यांनी धूळ पुसायला टेबलक्लॉथ काढला आणि हात तसाच थांबला. चालू टीव्हीत चित्र दिसतं. बंद टीव्हीत खोली दिसते. माझ्या काचेत मागची खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीत क्लिफर्ड बसले होते. खांद्यावर कोट, डोक्यावर चपटी टोपी.

"क्लिफ," त्या हळूच म्हणाल्या, "चहा घेणार?"

तेव्हापासून टेबलक्लॉथ माझ्यावर पडला नाही. अंधारलं तरी त्या दिवा लावत नसत. माझ्यासमोर बसून काचेशी बोलत. ग्लेनिस कशी घोरते, बटाटे किती महाग झाले, पाय कसे गारठतात. अंगावर काटा यायचा माझ्या. मला चालू करणं म्हणजे क्लिफर्डना घालवून देणं, हे मला तेव्हा कळलं.

नोव्हेंबरात मेव्हिसबाईंचे ओठ निळे पडलेले ग्लेनिसबाईंनी पाहिले. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. स्वतःच पेन्शनच्या कचेरीत फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "घरात तुमच्यासोबत कोण राहतं?"

मेव्हिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आम्ही दोघं."

"मेव्हिस!" ग्लेनिसबाई पुटपुटल्या. "अगं, आपण दोघींनीच त्याला पोचवलं ना?"

"तो काय, तिथं बसलाय. काचेत बघ."

ग्लेनिसबाईंनी वाकून पाहिलं. "राणी, तो त्याचा कोट आहे गं. खुर्चीवर तूच ठेवलायस. वर टोपी आहे."

मेव्हिसबाई मागे वळल्या. खुर्चीजवळ गेल्या आणि कोटाची रिकामी बाही हातात घेतली.

"सावकाश सांगा, आजी," फोनमधून आवाज आला. "मी थांबलेय."

"एकटी," मेव्हिसबाई म्हणाल्या. "मी एकटीच राहते." आणि तोंडावर हात दाबून रडल्या. इतके महिने हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच त्यांनी मदत मागितली नव्हती.

जोड मिळाली, तिच्या मागोमाग फुकटचा परवानाही आला. हीटर पेटला. ग्लेनिसबाईंनी माझी वायर भिंतीत खोचली. मी खरखरलो, खोकलो, आणि स्नूकर लागलं. "हे काय मेलं कंटाळवाणं!" मेव्हिसबाई म्हणाल्या, पण शेवटपर्यंत बघितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी कोट आणि टोपी धर्मादाय दुकानात देऊन टाकली. त्यांच्या गालांवर आता रंग आहे.

मित्रांनो, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचा टीव्ही अचानक गप्प झाला तर दार वाजवा. नुसता चहा पिऊन परतू नका, विचारा.

आणि आणखी एक मागणं आहे. मेव्हिसबाई मला बंद करून झोपायला जातात, तेव्हा काच काळी होते आणि तिच्यात खोली दिसते. खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर कोट नाही, टोपी नाही. तरी क्लिफर्ड तिथं बसलेले असतात. मेव्हिसबाईंना आता दिसत नाहीत, मला दिसतात. जिन्यावर मेव्हिसबाईंची पावलं वाजली की ते तिकडे मान वळवतात. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझे दिवस भरत आलेत, उद्या मला भंगारात काढतील. तेव्हा एवढं करा, माझी काच फोडू नका. आत ते बसलेले आहेत.