अर्धं बोट हललेला पूल

थांबा. पुढे पत्रे लावून रस्ता बंद केलाय. वळसा घ्यायचा तर नऊ किलोमीटर आहे, तेव्हा घटकाभर इथं टेकलात तरी चालेल. मी पूल आहे, लोखंडी, आणि बोलायला मला आता वेळच वेळ आहे.

माझ्या या बाजूला काळगीनकोप आणि त्या बाजूला हिरेबसरी. मधल्या नदीला दोन्ही काठांवर नुसतं होळे म्हणतात. कानडीत होळे म्हणजे नदीच, वेगळं नाव ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

माझे तुकडे आगगाडीनं अळणावर स्टेशनात उतरले आणि बैलगाड्यांतून इथं आले, त्याला नव्वदेक वर्षं झाली असतील. रिव्हेट भट्टीत लाल करायचे, चिमट्यानं वर फेकायचे, वरच्या माणसानं ते डब्यात झेलायचे आणि गार व्हायच्या आत दोघांनी दोन बाजूंनी ठोकायचे. कुठला घाव कुणाचा आणि कुणाचा हात थकलाय, ते मला तेव्हा कळायचं. तेव्हा मला सगळंच कळायचं.

जंगलातला साग माझ्यावरून स्टेशनात गेला. मग बस आली, उसाचे ट्रॅक्टर आले, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटरसायकली आल्या. माणसं पुलाच्या मधोमध आली की थांबतात, वाकून खाली बघतात आणि थुंकतात. का, ते विचारू नका. नव्वद वर्षं बघतोय, मला काही उमगलेलं नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लोखंड उन्हात लांबतं आणि थंडीत आखडतं. म्हणून माझा हिरेबसरीकडचा पाय दगडात पक्का आवळलाय, पण काळगीनकोपकडचा पाय लोखंडी रुळांवर ठेवलाय. लाटण्याएवढे रूळ आहेत, चार. उन्हाळ्यात सकाळी सात ते दुपारी तीन मी अर्धं बोट पुढे सरकायचो आणि संध्याकाळी मुकाट्यानं मागे यायचो. तो पाय मोकळा राहिला तर मी राहणार, एवढा साधा हिशेब.

तो मोकळा ठेवायचं काम लक्ष्मणकडे होतं. काळगीनकोपचा लक्ष्मण, देखभालीवरचा खलाशी, म्हणजे सरकारी कामगार. तीस वर्षं तो दर आठवड्याला गुडघ्यावर बसून रुळांतली माती खरवडायचा, रॉकेलनं धुवायचा, ग्रीस भरायचा. रुळांच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सकाळी खिळ्यानं एक सरळ रेघ ओढायचा. दुपारी ती रेघ मधोमध तुटलेली दिसली, वरचा तुकडा अर्धं बोट पुढे गेलेला दिसला, की माझ्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हललास. बास झालं."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात ना, तशी तो माझ्या त्या पायाची करायचा. हळद, कुंकू, एक नारळ. कामगार माणूस, ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडणार, त्यात वावगं काही नाही. पण गावानं ते वर्षानुवर्षं पाहिलं आणि ठरवून टाकलं की देव तिथंच आहे. बायका येऊ लागल्या, मला सेतव्वा, म्हणजे सेतूआई, म्हणू लागल्या, हिरव्या बांगड्या बांधल्या, खण-नारळानं ओटी भरली. अहो, मी पूल. पण माझं कोण ऐकतंय? खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटायचं.

लक्ष्मण निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलं नाही.

मग तो मोठा पूर आला, सहा-सात वर्षांपूर्वीचा. लक्ष्मण आणि त्याची बायको यमुना यांची लेक संगीता हिरेबसरीत दिलेली, ती बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखाना हिरेबसरीत, गाडी येईना, पाणी माझ्या फळ्यांना लागलेलं. भर दुपारी चौघांनी तिला खुर्चीवर बसवून माझ्यावरून नेलं. यमुना मागून चालत होती आणि एका हातानं माझा कठडा धरून पुटपुटत होती, "सेतव्वा, लेकीला पार कर, तुला घर बांधते." मी थरथरत होतो, पण उभा राहिलो. संगीता वाचली आणि मुलगीही सुखरूप झाली.

यमुनानं नवस फेडला. गवंडी आणला आणि माझ्या त्या पायाला चहूकडून सिमेंटचा कट्टा घातला. वर छोटीशी कमान, तिला गुलाबी रंग. लक्ष्मण तिथंच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "रूळ मोकळे ठेव गं, थोडी जागा सोड." यमुना म्हणाली, "घर बांधलं तर नीट बांधू की ओ. उघड्यावर ठेवायची काय देवी?" लक्ष्मणनं मान खाली घातली. लेकीच्या जिवाचा नवस, त्याला नाही कोण म्हणणार? पुढे कुणी साहेब येईल, तोच बघेल, असं त्याला वाटलं असावं. साहेब कुणी आला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मला फार दुखलं. लांबायला जागाच नाही. सगळा जोर पायाखालच्या दगडावर गेला आणि दगडाला चीर पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात थोडं कमी दुखलं. तिसऱ्या उन्हाळ्यात काहीच वाटलं नाही. रूळ गंजून एकमेकांना चिकटले. पाय बधिर झाला आणि मग ते बधिरपण वर चढत गेलं. मग बस गेली काय आणि शाळेची पोरं गेली काय, मला फरक पडेना. वाईटही वाटत नाही, खरंच.

यंदा एप्रिलात स्वाती आली. हुबळीची, देशपांडे नगरात घर, पूल तपासणारी इंजिनीअर. पोरगी कामाची होती. माणसांशी कानडीत, यमुनाशी मराठीत आणि माझ्याशी हातोडीनं बोलत होती. रिव्हेट वाजवत वाजवत ती त्या गुलाबी कमानीपाशी आली आणि उकिडवी बसली. बराच वेळ उठली नाही.

"हे कुणी बांधलं?" तिनं विचारलं.

माणसं एकदम नदीकडे बघायला लागली.

"मी बांधून घेतलं," यमुना म्हणाली. "का गं बाई, काय झालं?"

स्वातीनं तिला सगळं समजावून सांगितलं. पाय अडकलाय, म्हणून दगड फुटलाय. गाड्या बंदच होणार. पण पाय मोकळा झाला आणि उन्हात हलला, तर चालण्यापुरता पूल ठेवा असं ती लिहून देईल. नाही हलला, तर कापून उतरवायला लागेल.

यमुना रोज माझ्यावरून हिरेबसरीला जायची. नातीला शाळेतून आणायची, लेकीकडे बसायची, ताकाचा तांब्या रिकामा करून परत यायची. नऊ किलोमीटरचा वळसा तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. पण तिनं त्याचं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं मोडला की."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं स्वतःच्या हातानं बांगड्या सोडल्या, खण घडी करून पदरात ठेवला, माझी माफी मागितली आणि पहिला घाव घातला. मग लक्ष्मणनं छिन्नी घेतली. कट्टा फुटला. त्यानं रूळ खरवडले, रॉकेल ओतलं, ग्रीस भरलं, सगळं अगदी पूर्वीसारखं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्वातीसमोर खिळ्यानं रेघ ओढली.

ऊन चढलं. यमुना जेवायला उठली नाही. मी प्रयत्न केला का, असं विचाराल तर सांगता येत नाही. मला पाय आहे हेच जाणवत नव्हतं.

तीन वाजता लक्ष्मण वाकला. मोतीबिंदूचे डोळे, तरी नाक लोखंडाला टेकवून त्यानं पाहिलं. रेघ सरळ होती. केसभरही तुटली नव्हती.

"काय ओ, हलला काय?" यमुनानं विचारलं. ती रेघेकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हलला," लक्ष्मण म्हणाला. "अर्धं बोट हलला." आणि त्यानं रेघेवर अंगठा ठेवला.

तीस वर्षांत त्यानं माझं माप कधी खोटं सांगितलं नव्हतं.

स्वाती वाकली. लक्ष्मणनं तिच्यासाठी अंगठा उचलला. तिनं रेघ पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"होय अज्जा," ती म्हणाली. "हललाय." मग यमुनाकडे वळून म्हणाली, "पण अज्जी, लोखंडच म्हातारं झालंय. उतरवावाच लागेल. तुमच्या कट्ट्याचा त्यात काही दोष नाही."

"नाही ना?"

"नाही."

यमुना मग रडली. रडून झाल्यावर उठली, माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "हललास बघ. बास झालं." तिचा हात मला लागला नाही. नुसता आवाज ऐकू आला.

स्वातीनं गाडीत बसून वहीत खरं ते लिहिलं. लक्ष्मणनं त्या रेघेवर ग्रीसचा जाड थर फासला.

पुढच्या महिन्यात कापणारे येतील. घाव कुणाचा, ते मला आता कळणार नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे. माझी एवढीच विनंती आहे. वळशाच्या बसथांब्यावर एक म्हातारी तांब्याला फडकं बांधून बसलेली असते. इकडून आलात म्हटल्यावर ती तुम्हाला विचारेल, सगळ्यांना विचारते. तिला सांगा, हो, पाहिलं, अर्धं बोट हलला होता.