सोलो ट्रिपचा तंबू

मी तंबू बोलतोय. लग्नाच्या मांडवातला नव्हे, सर्कशीतला तर नव्हेच. दोन माणसं जेमतेम मावतील एवढा, दोन वाकणाऱ्या काड्यांवर उभा राहणारा आणि पुढून चेन ओढली की बंद होणारा मी एक साधा पिवळा तंबू आहे. दिसायला भपका नाही, पण माझं काम मी चोख करतो. म्हणजे करू दिलं तर करतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शिवणाऱ्या बाईनं शेवटचा टाका घातला, मला गुंडाळून पिशवीत कोंबलं, आणि त्यानंतर उजेड दिसला तो हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या एका दुकानात. तिथून मला मिलिंदनं नेलं. मिलिंद पुण्याचा, इथं कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. वर्षातून दोनदा मित्रांबरोबर मला अनंतगिरीच्या टेकड्यांवर न्यायचा. चारचौघांत मोठा हसरा गडी; पण एकटा आत शिरला, चेन ओढली की वेगळाच माणूस व्हायचा. साहेबाला जे तोंडावर बोलता आलं नाही ते सगळं बोलून घ्यायचा. एकदा तर उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. तेव्हा मला माझं खरं काम कळलं. माझी भिंत कापडाची, वाऱ्यानं फडफडणारी, पण आतल्या माणसाला ती दगडाची वाटते.

पुढं मिलिंद पुण्याला परत गेला आणि जाताना मला ओळखीच्या नामदेवरावांच्या हवाली करून गेला.

नामदेवराव पासष्टीचे. घराणं भालकीकडचं, शेतीवाडीचं. पण त्यांची सगळी नोकरी हैदराबादेत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत झाली. नल्लकुंट्याला त्यांनी घर बांधलं, संसार केला. मी त्या घरात आलो तेव्हा त्यांची बायको त्रिवेणीबाई जाऊन आठ महिने झाले होते. दहा दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि चाळीस वर्षांची सोबत संपली.

त्या दिवसापासून या माणसाला कुणी एकटं सोडलं नव्हतं. लेक प्रियदर्शिनी आणि जावई कुलदीप आपला फ्लॅट बंद करून त्यांच्याकडे राहायला आले. अंबरपेठहून त्यांची थोरली बहीण सुशीलाबाई दिवसाआड येऊन बसायची. शेजारचे यायचे, कचेरीतले जुने दोस्त यायचे. प्रियदर्शिनीनं तर न्हाणीघराची कडीसुद्धा काढून टाकली होती. "पप्पा, तुम्हाला बीपी आहे. आत काही झालं तर दार कोण तोडणार?" तिचं चुकलं असं कसं म्हणू? प्रेमापोटीच करत होती. पण एवढ्या माणसांत नामदेवराव बायकोसाठी एकदाही रडले नव्हते. लोक त्यांच्या गळ्यात पडून रडायचे आणि हेच त्यांची पाठ थोपटायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला गच्चीवर नेऊन उभं करून पाहिलं. दुपारची वेळ होती. काड्या उलट्यासुलट्या घालत अर्धा तास झटापट केली, मग वाकून आत आले आणि चेन ओढली. मांडी घालून बसले. चष्मा काढून बाजूला ठेवला. अगदी हळू म्हणाले, "त्रिवेणी." पुढचा शब्द ओठावर आला होता, मला त्यांचा श्वास कळत होता. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"पप्पा? उन्हात आत काय करताय?" आणि प्रियदर्शिनीनं बाहेरून सर्रकन चेन उघडली.

"काही नाही गं. शिलाई बघत होतो," नामदेवराव म्हणाले आणि चष्मा घालून बाहेर आले.

चेनीला आतून कडी नसते. असती तर मी ती दातात धरून ठेवली असती.

त्यांचा बेत मात्र पक्का होता. आपली जुनी गाडी काढायची, मला घ्यायचं आणि चार दिवस एकट्यानं फिरून यायचं. कॅलेंडरच्या पानामागं त्यांनी सगळं नीट लिहून काढलं. बिदरचा किल्ला, अष्टूरचे घुमट, बसवकल्याण, उदगीर, परतताना निजामसागर धरणाचं पाणी. प्रत्येक गावापुढं मुक्कामाची जागा लिहिली होती आणि प्रत्येक ठिकाणी एकच शब्द होता, तंबू. तो कागद मी पिशवीतून पाहिला आणि माझी छाती फुगली.

चूक झाली ती इथंच. प्रियदर्शिनी मराठी फर्डं बोलते, पण वाचताना अडखळते. शाळा तिची इंग्रजी. तिनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "काय लिहिलंय पप्पा, वाचून दाखवा ना." या भल्या माणसाला चार ओळी गाळून वाचता आल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. पण त्यांनी इमानदारीत सगळं वाचलं, आणि तेही सुशीलाबाई समोर बसलेली असताना.

"नामा," सुशीलाबाईनं पदर सावरला, "बिदरला जाणार आणि लक्ष्मणरावाच्या दारावरून पुढं निघून जाणार का रे तू? त्रिवेणीचा सख्खा भाऊ तो. त्यानं अजून तुझा दुखवटा काढला नाही. लोकं काय म्हणतील?"

"अक्का, मी फिरायला चाललोय."

"फीर की. कोण नक्को म्हणतंय? पण माणसाच्या घरी उतर. रानात झोपायला तू काय लमाण्याच्या तांड्यातला आहेस?"

आमच्या या लोकांची एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की नातलगांनी मागं उरलेल्याला आपल्या घरी बोलवायचं, गोडाधोडाचं जेवू घालायचं, टॉवेल-टोपीचा आहेर करायचा. याला दुखवटा काढणं म्हणतात. एकदा तो काढला की माणसानं डोळे पुसायचे आणि कामाला लागायचं. रीत वाईट नाही. पण ज्याचं दुःख अजून बाहेरच पडलं नाही, त्याचा दुखवटा काढायचा तरी कसा, हे कुणी विचारत नव्हतं.

"मामा, परेशान होऊ नका," कुलदीप म्हणाला. "मी सगळं सेट करतो."

आणि त्यानं केलंही. फोनवर 'पप्पांची सोलो ट्रिप' नावाचा ग्रुप निघाला. त्यात एकोणीस माणसं होती. कॅलेंडरच्या पानावर तंबू हा शब्द एकामागून एक खोडला जाऊन तिथं लक्ष्मणराव, जुने सहकारी, उदगीरच्या नात्यातल्या भामावहिनी अशी नावं आली. जाण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर. नकाशावर नामदेवराव कुठं आहेत ते दाखवणारा ठिपका प्रियदर्शिनीच्या फोनवर दिसत राहिला पाहिजे. नामदेवराव हो म्हणाले. नाही म्हणायची त्यांची सवयच गेली होती.

डिसेंबरच्या एका सकाळी आम्ही निघालो. मी डिकीत, माझ्यावर लोणच्याच्या दोन बरण्या, भामावहिनींसाठी पापडांचा डबा आणि कुणाच्या तरी नातवाचे स्वेटर. शहर मागं पडलं तसे नामदेवराव गुणगुणायला लागले. एवढाच काय तो आमचा सोलो प्रवास झाला म्हणायचा.

बिदरला लक्ष्मणराव फाटकात उभेच होते. सामान गाडीत ठेवू नका म्हणून मलाही आत नेऊन पलंगाशेजारी ठेवलं, त्यामुळं पुढचं सगळं मला बघावं लागलं. लक्ष्मणरावांनी मेहुण्याला मिठी मारली आणि बहिणीच्या नावानं हंबरडा फोडला. त्यांना सावरता सावरता नामदेवरावांचा सदरा भिजला. मग पाट मांडला, पुरणपोळीचं ताट आलं, डोक्यावर टोपी आली, खांद्यावर टॉवेल आला. "झालं. दुखवटा निघाला," लक्ष्मणराव नाक पुसत म्हणाले. "आता भाऊजी, डोळ्यात पाणी आणायचं नाही." नामदेवरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यात पाणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहायला सहाजण बरोबर निघाले. परत आल्यावर लक्ष्मणरावांच्या मुलानं फोनवर फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत नामदेवराव मधे आणि भोवती माणसं. "मामा, एकात तरी हसा," तो म्हणत होता.

बसवकल्याणला जुन्या सहकाऱ्याकडे श्रीखंड झालं. उदगीरला भामावहिनींनी गुलाबजाम केले आणि जेवताना समोर बसून त्रिवेणीबाई शेवटी काय काय बोलल्या ते खोदून खोदून विचारलं. नामदेवरावांनी सगळं सांगितलं, एखाद्या सरकारी अहवालासारखं, तारखांसकट. वहिनी ढसाढसा रडल्या. इकडे तीन टॉवेल, तीन टोप्या माझ्या उरावर जमा झाल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बायांनो, बाबांनो, याला जरा सोडा. पण कापडाला वाचा कुठली?

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही देगलूरमार्गे परत निघालो. घरच्यांनी ठरवल्याप्रमाणे आता थेट नल्लकुंटा गाठायचा होता. पण पिटलमच्या पुढं नामदेवरावांनी एकाएकी गाडी वळवली आणि निजामसागरच्या पाण्याकाठी आणून थांबवली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यांनी डिकी उघडली, बरण्या बाजूला केल्या, टॉवेल दूर सारले आणि मला बाहेर काढलं. या वेळी काड्या चुकल्या नाहीत. मी पाण्याकडे तोंड करून ताठ उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी इतका नीट कधी उभा राहिलो नसेन.

ते आत आले. चेन ओढली. चष्मा काढला.

"अगं, तू गेलीस त्या दिवशी मी औषध आणायला खाली गेलो होतो," ते म्हणाले. "दुकानात गर्दी होती. मी रांग सोडून यायला पाहिजे होतं. तू मला हाक मारली होतीस का?"

एवढंच बोलले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज अजून फुटला नव्हता, छातीत कुठंतरी खोल घरघरत होता. आता फुटणार, हे मला कळलं. मी वारासुद्धा आत येऊ दिला नाही.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली.

"काका? नामदेवकाका, आत आहात का जी?"

पिटलमला खताचं दुकान चालवणारा प्रकाश होता तो, त्यांच्या जुन्या ओळखीचा. त्यानं उत्तराचीही वाट पाहिली नाही, चेन बाहेरून उघडून डोकं आत घातलं. "ताईचा फोन आला मला. अर्ध्या घंट्यापासून पप्पाचा ठिपका पाण्याजवळ थांबलाय म्हणाली. लई घाबरली ती. मी गल्ला तसाच टाकून आलो."

पाण्याजवळ थांबलेला ठिपका पाहून लेकीच्या मनात काय आलं असेल, ते नामदेवरावांना कळलं. ते चष्मा घालून लगेच बाहेर आले. लेकीला फोन लावून म्हणाले, "मी ठीक आहे बेटा. पाणी बघत होतो जरा." प्रकाशनं माझ्यासमोर त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकोणीस अंगठे वर झाले. मग तो त्यांना आग्रहानं घरी घेऊन गेला. बायकोनं शिरा केला होता, आणि टॉवेल-टोपी तयारच होती.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, पप्पा कसे फ्रेश होऊन आले. नामदेवरावही म्हणाले, ट्रिप छान झाली. मला कपाटावर ठेवलं आणि मी तिथं धूळ खात पडलो. हा माणूस आता कधीच रडणार नाही आणि असाच एक दिवस आतल्या आत बुडून जाईल, या भीतीनं मी नुसता पडून असायचो.

मागच्या रविवारी प्रियदर्शिनीनं मला खाली काढलं. घरात अडगळ नको, विकून टाकू म्हणाली. कुलदीप बाहेर गेला होता, नामदेवराव आत पडले होते. तिनं सोफा सरकवून मला हॉलमध्ये उभं केलं, बाहेरून दोन फोटो काढले, मग आतला फोटो घ्यायला वाकून आत आली. चेन नीट लागते का ते बघायला तिनं ती आतून ओढली. लागली. खिडकीतलं ऊन माझ्यातून झिरपून तिच्या अंगावर पडलं होतं.

फोटो तिनं काढला नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसली. नऊ महिने सगळ्यांची औषधं, सगळ्यांचे फोन, सगळ्यांचे ठिपके सांभाळणारी ती पोर. तिलाही एकटं बसायला कुणी जागा दिली नव्हती, आणि तिनं मागितलीही नव्हती. "मम्मी," ती म्हणाली, आणि ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली.

नामदेवराव खोलीतून बाहेर आले. ते माझ्याजवळ आले, वाकले. त्यांचा हात चेनीपर्यंत आला. मी जीव मुठीत धरला. क्षणभर तो हात तिथंच थांबला आणि मग मागं गेला. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या दाराशी आणली आणि पाठ माझ्याकडे करून बसले.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो घाईनं उचलला.

"प्रिया कुठंय रे?" सुशीलाबाईचा आवाज होता.

"घरी नाही अक्का. बाहेर गेलीय."

"कधी येईल?"

"येईल. उशीर लागेल तिला," नामदेवराव म्हणाले. बोलताना त्यांचाही आवाज चिरला. पण त्यांनी फोन ठेवला, डोळे सदऱ्याच्या बाहीनं कोरडे केले आणि तसेच पहारा देत बसून राहिले. आत एकाच माणसाची जागा होती म्हणून नव्हे. मी दोघांचा आहे. पण बापाला रडताना पाहून लेक पुन्हा डोळे पुसून उठली असती, हे त्यांना माहीत होतं.

मी अजून हॉलमध्येच उभा आहे. विकायची गोष्ट कुणी काढलेली नाही, पण काढली तरी माझी तक्रार नाही; जाईन तिथं उभा राहीन. या घराच्या मालकाचं रडं मात्र अजून बाकी आहे, आणि मला त्यांना हाक मारता येत नाही. तुम्ही कधी या घरी आलात तर गोडाचं काही आणू नका, टॉवेल-टोपी आणू नका. ते आत गेलेले दिसले तर लेकीला घेऊन तासभर कुठंतरी जाऊन या.