तारपा आणि मूठभर नवं भात

मित्रांनो, बदलापूरच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथला मी जुना तारपा. नाकं मुरडू नका! दिसायला मी ओबडधोबड आहे खरा. वाळलेल्या भोपळ्याचं पोट, बांबूच्या दोन नळ्या, सांधायला मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब भोंगा. पण कोणी जीव ओतून मला फुंकलं, की अख्खा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून माझ्याभोवती फेर धरतो. ही बढाई वाटत असेल, तर थोडी आहेच.

मला घडवलं कोंडाजीने. दोन भोपळे त्याने कोरता कोरता फोडले, तिसरा मी. माझे नियम दोनच. नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही, आणि नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तारप्याला तोंड लावायचं नाही. म्हणून मी नव्या भातापासून दिवाळीपर्यंत वाजायचो आणि उरलेलं वर्ष चुलीवरच्या आढ्याला टांगून धूर खात बसायचो. फार जिवावर यायचं हो!

माझं खरं दुःख वेगळंच होतं. कोंडाजी थकत चालला होता आणि त्याच्यामागे मला फुंकणारं कोणी नव्हतं. त्याचा पुतण्या सखा अंबरनाथच्या कारखान्यात लागला होता, तिथल्याच बुवापाड्यात राहायचा. त्याला शिकायची भारी हौस. पण पाऊस उघडला की कोंडाजी पोटासाठी लाकडं तोडायला जंगलात जायचा, नाचापुरता परतायचा. मग शिकवणार कधी?

एकोणीसशे छप्पन साली मालिनीबाई आल्या. त्या कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी, बुवापाड्यात साक्षरतेचा वर्ग घ्यायच्या. सखाने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं आणि बाई चिखल तुडवत थेट पाड्यावर हजर!

"कोंडाजीबाबा, सरकार लोककलेला अनुदान देतंय! तुम्हाला शिकवण्याचं मानधन मिळेल. जंगलात जायलाच नको!"

मी आढ्याला टांगल्या जागी हरखून गेलो. बाईंनी अर्ज भरला. उत्साहाच्या भरात खाली लिहिलं, 'अनुदान समितीने केव्हाही यावे, नाच दाखवू.' समितीने ते मनावर घेतलं. गणपती गेल्यानंतरच्या रविवारी येतो, असं पत्र आलं.

पत्र ऐकून कोंडाजीने मान हलवली. "बाय, भात अजून हिरवं हाय. नवं झाल्याबिगर ह्याला हात लावायचा नाय."

"पाच मिनिटं फक्त!"

"पाच कुठली? येक फूक नाय."

मालिनीबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या. "चूक माझी. मी तुम्हाला विचारलंच नाही. आणि समिती पुन्हा काही यायची नाही."

तेव्हा कोंडाजीची बायको नवसी चुलीपाशी होती. ती बोलायची कमी. म्हणाली, "वढ्यापल्याड टेपावर हळवं पेरलंय मी. त्ये सगळ्यांच्या आधी पिकतं. रोज जाऊन बघते."

त्या दिवसापासून ती रोज त्या उंचवट्यावर, टेपावर जाई, दाणा नखाने दाबून बघे. रोज दाण्यातून दूध निघे, म्हणजे दाणा अजून कच्चाच. माझा जीव टांगणीला, आणि तोही खराखुरा!

रविवार उजाडला. पायथ्याशी जीप थांबली. तिघे साहेब धापा टाकत वर चढले, शाळेतून आणलेल्या खुर्च्यांवर बसले. नवसीचा पत्ता नव्हता. एक साहेब दोनदा घड्याळ बघून झाला. कोंडाजी हातावर हात ठेवून बसलेला.

इतक्यात नवसी धावत आली, पदरात मूठभर लोंब्या. कोंडाजीने एक दाणा दाताखाली धरला. कट्! दाणा टणक झालेला.

"झालं नवं!" कोंडाजी ओरडला.

लोंब्या देवापुढे ठेवल्या. मला खाली काढलं, काजळी पुसली आणि कोंडाजीने छाती भरून फुंक मारली. काय सांगू मित्रांनो! वर्षभर पोटात दाबून ठेवलेला सगळा आवाज मी एकदम सोडून दिला. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे धावले. फेर वळला, पाय आपटले, धूळ उडाली.

"अरे, जरा आमच्याकडे तोंड करून नाचा!" मुख्य साहेब दिनानाथराव ओरडले.

"साहेब, तारप्याला पाठ दाखवत नाय आमी," सखा फेरातूनच म्हणाला. "तुमीच या हिकडं!"

दिनानाथराव उठले. मग बूट काढले आणि फेरात शिरले! मालिनीबाईही नवसीचा हात धरून नाचल्या. खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

अनुदान मंजूर झालं. त्या आश्विनात कोंडाजी जंगलात गेला नाही. सुट्टीच्या दिवशी सखा यायचा, गाल दुखेपर्यंत मला फुंकायचा. आधी नुसता फुसफुस आवाज, कोंडाजी हसून लोळायचा. दिवाळीच्या आत मात्र सखाच्या फुंकेवर पाडा नाचला. कोंडाजी त्या फेरात होता. जन्मात पहिल्यांदाच त्याने मला बाहेरून ऐकलं, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मला डोळे नाहीत.

या गोष्टीला काही वर्षं झाली; आता माझ्या एका नळीला चीर गेली आहे. सखाने घडवलेले दोन नवे तारपे माझ्याशेजारी धूर खातात आणि मी त्यांना धीर धरायला शिकवतो. नवसी अजून टेपावर हळवं पेरते. मित्रांनो, तुमच्याही गावात कुठेतरी एखादं वाद्य टांगलेलं असेल आणि ते वाजवणारं माणूस थकत असेल. त्या माणसाकडे आजच जा, त्याला विचारा, त्याच्याकडून शिका. आम्ही वर्षभर वाट पाहू शकतो. फक्त आम्हाला पाठ दाखवू नका.