तळ्याच्या मध्यावरची रेंज

"नशीब नावाची वस्तू जगात अस्तित्वातच नाही," तूक्का म्हणाला. "आहे ते फक्त गणित. ज्यांना गणित जमत नाही, ते त्याला नशीब म्हणतात."

हे वाक्य त्याने तळ्याकाठच्या लाकडी घराच्या पायरीवर उभं राहून, डाव्या पायात उलटा मोजा घालून उच्चारलं. समोर ऐकायला फक्त त्याची बायको हेन्रीका होती आणि ती नवे बटाटे धूत होती.

"मग हा मोजा आता धुऊ का?" तिने विचारलं.

"आज नको," तूक्का म्हणाला.

मोजा एप्रिलमध्ये एकदा चुकून उलटा घातला गेला होता आणि त्या दिवशी तूक्का थोडंफार जिंकला होता. त्यानंतर तो जिंकला नव्हता, त्यामुळे मोज्याचं महत्त्व उलट वाढलं होतं. (तूक्का हे फिनलंडमध्ये चांगल्या घरातलं नाव आहे. मराठी वाचकांनी त्यात उगाच अर्थ शोधू नये.)

नऊ वर्षं तो इंटरनेटवर पोकर खेळून पोट भरत होता. तांपेरे शहरातल्या फ्लॅटमध्ये कंप्युटरचे दोन पडदे, एका वेळी बारा टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर जगातली कुठली कुठली बिनचेहऱ्याची माणसं. शेजारच्या बाईंनी विचारलं की हेन्रीका "कंप्युटरचं काहीतरी" असं सांगायची. पण जानेवारीपासून पानं फिरली ती फिरलीच. मार्चमध्ये हेन्रीकाने अट घातली. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे युहान्नुसच्या सणापर्यंत, एका तरी मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत ये. नाहीतर बाबांच्या टँकरवर बस.

बाबा म्हणजे ताइस्तो. आजूबाजूच्या गावांतल्या आणि तळ्याकाठच्या घरांतल्या मैल्याच्या टाक्या उपसणं हा त्याचा धंदा. त्याचा जोडीदार वसंतात निवृत्त झाला होता आणि टँकरमधली शेजारची सीट रिकामी होती. ताइस्तोने जावयाला कधी आग्रह केला नाही. ईस्टरच्या जेवणात एकदाच म्हणाला होता, "आमच्या धंद्यात एक बरं असतं, जावईबुवा. टाकी कधी थाप मारत नाही. भरलेली असली की भरलेली असते."

आणि आता युहान्नुस आला होता. मुदतीतली शेवटची मोठी स्पर्धा नेमकी याच दिवशी होती. घरीच थांबून खेळतो म्हणायची सोय नव्हती, कारण या सणाला तळ्यावर न जाणारा जावई त्या घराण्यात अजून जन्मायचा होता. तूक्का लॅपटॉप घेऊन आला, पण घरात रेंज नाही, साउनाच्या वाफघरात नाही, धक्क्याच्या टोकाला आली की लगेच जाते. धरायची ती फक्त तळ्याच्या मध्यावर, मोठ्या खडकापाशी. म्हणून दुपारपासून तूक्का फोन हातात धरून होडीत बसला होता, आणि होडी ताइस्तोची असल्यामुळे समोर ताइस्तोही गळ टाकून बसला होता.

हजारभर खेळाडू गळून आता चार उरले होते. चौथा एक पोर्तुगीज. त्याच्यापुढे पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांचा चुराच काय तो शिल्लक होता. तो आता जाईल, मग जाईल असा होता. तूक्काला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायचं शिक्षण त्या देशात पाळण्यातच मिळतं, पण ते तूक्काच्या गुडघ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"पाय," ताइस्तो म्हणाला.

"काय?"

"पाय हलतोय. खाली पर्च माशांना वाटतंय, भूकंप आला."

तूक्काने गुडघ्यावर कोपर रोवलं. मग कोपर हलायला लागलं. तो डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, फोन पुसला, रेंजच्या काड्या मोजल्या, पुन्हा पुसला. पानं येत होती, तो न खेळता टाकत होता. पोर्तुगीज जात नव्हता.

"किती उरलेत?" ताइस्तोने बऱ्याच वेळाने विचारलं.

"चार."

"तुला धरून?"

"हं."

"एक गेला की तू सुटलास?"

"हं."

"आणि तू गेलास की माझ्याकडे."

"हं."

"मग गळ टाक आणि बस ना मुकाट्याने. उड्या कशाला मारतोस?"

"उड्या मारत नाहीये. बसलोच आहे."

"होडीला विचार." ताइस्तोने दोरी चाचपली. "इथले मासे गेले तुझ्या कृपेने. त्या बेटामागे गेले असतील. जाऊ या तिकडे?"

"हं," तूक्का म्हणाला.

त्याच क्षणी त्याच्या हातात दोन गुलाम आले होते. जोडीने आलेले गुलाम चौघांच्या टेबलावर म्हणजे घरी चालून आलेले पाहुणे. त्यांना हाकलवत नाही आणि ठेवून घ्यायची भीतीही वाटते. त्याने बेताची बोली लावली. पोर्तुगीजाने पानं टाकली, तिसऱ्यानेही टाकली. उरली म्हातारी हेरिंग.

म्हातारी हेरिंग हे एका डॅनिश माणसाचं खेळातलं नाव. तूक्काने त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता, तो खरोखर म्हातारा आहे का हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याचा वेळ त्याला पाठ होता. हेरिंगच्या हातात दम असला की चुटकीसरशी सगळं पुढे, म्हणजे होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या. हातात काही नसलं की विचार, विचार, विचार, आणि मग सगळं पुढे. नऊ वर्षांत यात फरक पडला नव्हता. जिथे माणसाचे डोळे दिसत नाहीत तिथे त्याचा उशीर वाचायचा, यावरच तर तूक्काचं घर चाललं होतं.

पडद्यावर हेरिंगच्या नावाखालची हिरवी पट्टी कमी व्हायला लागली. अर्धी झाली. पाव झाली. होडीला वल्ह्याचे संथ हेलकावे बसत होते, ते तूक्काला स्वतःच्या छातीचे वाटले. पट्टी लाल झाली. विचार करतोय लबाड, तूक्का मनात म्हणाला. करू दे.

आणि मग सगळं पुढे.

उत्तर द्यायला तूक्कापाशीही दोनच क्षण उरले होते. याचं त्याला नवल वाटलं, पण नवल करण्याइतका वेळ नव्हता. टाकून दिलं तर पोर्तुगीजाची वाट बघत बसता येईल, हे त्याला कळत होतं. पण थाप मारणाऱ्याला समोर बघून पानं टाकायची, तर मग नऊ वर्षं शिकलो काय? त्याने बोट दाबलं.

हेरिंगच्या हातात दोन राजे होते.

मधे दोघांच्या सामाईक पाच पानं पडली, पण त्यांतलं एकही तूक्काच्या मदतीला आलं नाही. "आपण चौथे आलात. अभिनंदन!" असं पडद्यावर उमटलं आणि वरून रंगीत कागदाचे तुकडे पडले.

 मग तळाशी हेरिंगचा निरोप आला. नऊ वर्षांतला पहिला.

"छान खेळलास. पण केवढा वेळ खाल्लास रे! मी तर पानं बघताच सगळं पुढे केलं. मला वाटलं, तुझी रेंजच गेली."

तूक्काने मान वर केली. खडक कुठेच नव्हता. त्याच्या आणि गावातल्या टॉवरच्या मधे पाइन झाडांनी खचाखच भरलेलं एक बेट उभं होतं आणि होडी त्याच्या सावलीत सुखाने डुलत होती. फोनवर रेंजची एकच काडी होती आणि तीही जात-येत होती. हेरिंगचा विचार हेरिंगने केलाच नव्हता. तो त्या बेटाने केला होता.

"होडी हलवलीत?" त्याचा आवाज चिरकला.

"हलवली."

"न विचारता?"

"विचारलं की. हं म्हणालास."

"मी गुलामांना हं म्हणालो!"

"गुलामांना?" ताइस्तोने होडीभर नजर फिरवली. "होडीत मला तरी दोघंच दिसतायत."

"ताइस्तो, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"मासे इकडे आले," ताइस्तो म्हणाला. बादलीत चार पर्च तडफडत होते, त्यामुळे यावर वाद घालता येईना.

तूक्का उभा राहिला. होडी एका बाजूला कलली. तो बसला आणि पुन्हा उभा राहिला. काठावर सणाच्या होळीची लाकडं रचलेली दिसत होती आणि त्यांच्याशेजारी हेन्रीका कपाळावर हात धरून तळ्याकडे बघत होती. 

"एक गोष्ट ध्यानात घ्या," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज आता पायरीवरच्यासारखा भरदार झाला. "निकालावरून माणसाची पारख करायची नसते. करायची ती निर्णयावरून. मला जी माहिती मिळाली तिच्यावर माझा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पुन्हा हजार वेळा हा डाव आला तरी मी हजार वेळा हेच करीन. हरलो मी नाही. हरली ती माहिती!"

ताइस्तोने बादली पायाशी ओढली. गळ गुंडाळला, वल्ही पाण्यात टाकली आणि होडीचं तोंड काठाकडे वळवलं. 

"सोमवारी निघायचंय आपल्याला," तो म्हणाला. "तुझ्या बुटांचा नंबर तेवढा सांगून ठेव."